तंजावरच्या राजाची सही

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक याच गावात आहे. इथून महामार्गाने कऱ्हाडकडे निघाले की उजव्या हाताला वसंतगड दिसू लागतो. त्याच्या पायथ्याचे तळबीड हे सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचे गाव, हे सर्वांना ठाऊक असते. पण हंबीररावांच्या आत्या तुकाबाई या शहाजीराजांच्या पत्नी आणि व्यंकोजीराजांच्या आई, हे चटकन कोणाच्या लक्षात येत नाही. याच व्यंकोजींनी १६७५ च्या सुमारास तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. म्हणजे कावेरीकाठच्या मराठी राज्याचे आजोळ कृष्णाकाठी! पुढे समर्थांच्या शिष्यपरंपरेतले मठही तंजावरात उभे राहिले आणि हा धागा अधिकच घट्ट झाला.

त्या गादीवर बसलेल्या एका राजाने पुस्तके जमवली. इतकी जमवली, आणि अशी जमवली, की राज्य नाहीसे झाल्यावरही त्याचे नाव त्या पुस्तकांवरच टिकून राहिले. हा राजा म्हणजे दुसरे सरफोजी.

त्यांचा जन्म सप्टेंबर १७७७ चा. भोसल्यांच्याच एका शाखेतल्या या मुलाला तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाजी वारले. मरण्यापूर्वी त्यांनी मुलाला ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या ओटीत घातले होते. पण तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी दत्तकविधानावरच आक्षेप घेतला. पंडितांनी ते अशास्त्रीय ठरवले आणि गादी अमरसिंगांकडे गेली. दहा वर्षांचे पोर वाड्यात जवळजवळ कैदेत राहिले. श्वार्ट्‌झने कंपनी सरकारकडे दाद मागितली आणि १७९३ मध्ये सरफोजींची रवानगी मद्रासला झाली. तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्याने त्यांना इंग्रजी आणि पाश्चात्त्य विद्या शिकवली. दरम्यान नव्याने पंडितांचा कौल घेण्यात आला. या वेळी दत्तक शास्त्रशुद्ध ठरले आणि जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले.

या राज्यारोहणाची किंमत लगेच चुकवावी लागली. १७९९ च्या तहाने सारा मुलूख आणि कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, दरसाल एक लाख होनांची नेमणूक आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. वय अवघे बावीस. फौज नाही, खजिन्यावर हुकूमत नाही, मोहिमेला निघायचे तर शत्रू कोण हेही कंपनीच ठरवणार. अशा अवस्थेतल्या किती संस्थानिकांनी आपली नेमणूक शिकारी, नाच आणि झुंबरांवर उधळली, याच्या कथा आपण ऐकल्या आहेत. सरफोजींनाही घोड्यांची पारख होती आणि वाघाच्या शिकारीत त्यांचा नेम चुकत नसे. पण त्यांच्या पैशाचा मोठा ओघ वळला तो पुस्तकांकडे.

तंजावरच्या वाड्यातला ग्रंथसंग्रह नायक राजांच्या काळापासूनचा. तेलुगू, तमिळ, संस्कृत, मराठी अशा भाषांतल्या पोथ्या तिथे होत्याच. सरफोजींनी १८२० ते १८२२ या काळात काशीयात्रा केली, तेव्हा वाटेतूनही हस्तलिखिते मिळवली. परंतु त्यांची खरी नवलाई म्हणजे युरोपीय ग्रंथांची भर. चार हजारांहून अधिक छापील पुस्तके त्यांनी मागवली. वैद्यक, रसायन, वनस्पती, प्राणी, खगोल, भूगोल, नाटके, कोश, काय नाही त्यात! १७८४ सालचा डॉक्टर जॉन्सनचा शब्दकोश आहे, लाव्हाझिएचे रसायनशास्त्र आहे. शार्ल ल ब्रून या फ्रेंच चित्रकाराची मुद्राचित्रे आहेत. माणसाचा चेहरा घुबडासारखा, बैलासारखा किंवा सिंहासारखा कसा दिसतो, हे शेजारी शेजारी मांडून दाखवणारी ही चित्रे ग्रंथालयात येणाऱ्याला आजही खिळवून ठेवतात.

त्या काळी असे पुस्तक मिळवणे म्हणजे काय होते, हे जरा लक्षात घेतले पाहिजे. निसर्गशास्त्राच्या ग्रंथातली चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरीत. त्यावरून ठसे काढीत आणि उत्तम प्रतींतला एकेक ठसा कुंचल्याने हाताने रंगवीत. त्यामुळे अशा ग्रंथाची किंमत डोळे दिपवणारी असे. लंडनला पत्र जायचे, माणसाने दुकाने धुंडाळायची, मग पेटी गलबतावर चढून आफ्रिकेला वळसा घालून मद्रासला उतरायची. मागणी आणि पुस्तक यांच्यात सहज वर्ष जाई. त्यानंतर कावेरीकाठची दमट हवा आणि वाळवी टपून बसलेलीच. तंजावरचे रेसिडेंट राहिलेले बेंजामिन टोरिन यांनी लंडनमध्ये राजांसाठी पुस्तके आणि शास्त्रीय उपकरणे विकत घेतली. जवळच्या ट्रांकेबार या डॅनिश वसाहतीतला मिशनरी डॉक्टर जॉन हा स्वतः निसर्गसंग्राहक. त्याचाही राजांशी स्नेह होता.

पण हौसेने पुस्तके जमवणारे पुष्कळ असतात. कपाटे भरतात, कडीकुलपे लागतात, संपले. सरफोजींच्या संग्रहाचे वेगळेपण असे, की पुस्तक आले की काम संपत नसे, ते सुरू होई. शेकडो पुस्तकांवर त्यांची इंग्रजी सही आहे. काहींच्या समासात टिपणे आहेत. १८२६ च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले. राजे लाव्हाझिए, फूरक्रवा, लिनियस, ब्यूफाँ यांचे दाखले सहज देतात हे पाहून ते चकित झाले आणि तसे त्यांनी लिहून ठेवले. वाड्यात ग्रंथांच्या जोडीला हवा काढून घेण्याचा पंप होता, विजेचे यंत्र होते, दुर्बिणी होत्या. शरीररचना शिकण्यासाठी हस्तिदंती सांगाडाही होता.

वनस्पती आणि प्राण्यांची युरोपीय चित्रे पाहून राजे थांबले नाहीत. तंजावरचे चितारी तोवर लाकडी फळ्यांवर सोन्याच्या वर्खाने बाळकृष्ण आणि देवदेवता रंगवीत. त्याच परंपरेतल्या हातांना राजांनी कागद आणि जलरंग दिले आणि समोर ठेवले खरेखुरे पक्षी नि प्राणी. इथे शोभेला महत्त्व नव्हते. चोच किती वाकडी, पिसाचा रंग कुठे बदलतो, नखे कशी, हे डोळ्यांनी पाहून उतरवायचे होते. या चित्रांचा एक संग्रह त्यांनी टोरिन यांना भेट दिला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

वैद्यकात तर त्यांनी याच्याही पुढची मजल मारली. धन्वंतरी महालात सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचे जाणकार एकत्र बसवले. औषधे प्रत्यक्ष रुग्णांवर तपासून पाहिली जात आणि गुण आलेले पाठ पुढे तमिळ पद्यांत बांधले गेले. नेत्ररुग्णांच्या १८२७ पासूनच्या ४४ नोंदी ग्रंथालयात सापडल्या. रुग्ण कोण, तक्रार काय, उपचार कोणता, परिणाम काय, अशा या नोंदी. आणि त्यांच्या जोडीला डोळ्यांची रंगीत चित्रे! पक्षी रंगवताना आलेली शिस्त इथे रोग्याच्या उपयोगी पडली.

आणि मराठी? या विद्येला त्यांनी मराठीचा दरवाजा बंद ठेवला नाही. १८०५ च्या सुमारास वाड्यात देवनागरी छापखाना निघाला. नाव ‘नवविद्याकलानिधी’. १८०६ मध्ये तिथून इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडले. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव पेशवा होता आणि पोथ्या अजून बोरूने उतरवल्या जात होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे याचे मोल कळते. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात तर राजांनी भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडून साऱ्या जगाचा भूगोल गाववला. नकाशावरची खंडे, देश आणि नद्या नृत्यनाट्यात आल्या. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरवलेला भोसले वंशाचा विस्तीर्ण मराठी शिलालेखही त्यांचाच.

या चित्राला काळी बाजू आहे आणि ती झाकू नये. ज्या पाचव्या हिश्श्यातून ग्रंथ आले, तो कावेरीच्या खोऱ्यातल्या रयतेच्या घामाचा होता. नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ याच राजाने समुद्रकाठी ‘मनोरा’ नावाचा बुरूज बांधला. ज्यांनी राज्य घेतले त्यांच्याच विजयाचा हा उत्सव आज खटकतो. परंतु त्याच माणसाने इंग्रजांचे ज्ञान मात्र मान खाली घालून घेतले नाही. आपल्या पंडितांसमोर, वैद्यांसमोर, चिताऱ्यांसमोर ते ठेवले आणि ताडून पाहिले. हुकूम गमावलेल्या राजाने स्वतःकडे राखलेला हा एकच अधिकार होता.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी वारले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये पुत्राविना निवर्तले आणि कंपनीने संस्थान खालसा केले, वाड्यातल्या मालमत्तेवरही जप्ती आणली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने फिरवला. सरकारने मालमत्ता पुढे परत केली, पण हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. या झटापटीत पुस्तकांचा लिलाव होऊन ती पांगली असती तर? जुन्या सचित्र ग्रंथांची पाने फाडून एकेक चित्र चौकटीसाठी विकण्याचा धंदा जगभर चालतो. तसे झाले असते तर चित्रे उरली असती, पण ती कोणी, कशासाठी, कोणत्या पुस्तकाशेजारी ठेवली होती, हे कायमचे पुसले गेले असते.

सुदैवाने संग्रह एकत्र राहिला. बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली संस्कृत पोथ्यांची सूची १८८० मध्ये प्रसिद्ध झाली आणि विद्वानांचे लक्ष तिकडे गेले. १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले. सरस्वती महालात आज मोडी कागदांची बाडेच्या बाडे आहेत आणि ती वाचू शकणारी माणसे मात्र विरळ होत चालली आहेत. लाव्हाझिए वाचायला सरफोजींनी इंग्रजी शिकून घेतली. त्यांच्या दरबारचे मोडी कागद वाचायला आपल्याला फक्त आपल्याच पणजोबांची लिपी शिकायची आहे.