अप्पासाहेब पटवर्धन

आपल्या राजापुराहून दक्षिणेस निघालें व खारेपाटणची नदी ओलांडली, म्हणजे पुढें कणकवली लागते. हें गांव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोडतें. १९८१ पर्यंत तें आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांत होतें. तेथील गोपुरी आश्रम ज्यांनीं १९४८ सालीं स्थापिला, त्या सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांचें चरित्र आम्ही विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सादर करीत आहों.

त्यांचा जन्म १८९४ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत ब्राह्मण कुळांत झाला. उच्च शिक्षण घेऊन ते अध्यापन करूं लागले. परंतु गांधीजींच्या कार्याची ओढ लागली व ती वाट सुटली. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांचाच. तथापि त्यांची खरी कसोटी लागली ती रत्नागिरीच्या तुरुंगांत.

त्या काळीं तुरुंगांतील काम देखील जात पाहून वांटलें जाई. मैला उचलण्याचें काम, ज्यांच्यावर तें पिढीजात लादलेलें होतें अशाच जातींच्या कैद्यांकडे असे. उच्चवर्णीयानें मागितलें तरी तें त्याला मिळत नसे. १९३२ सालीं अप्पासाहेबांनीं तें मागितलें. नकार येतांच त्यांनीं उपोषण आरंभिलें. गांधीजी तेव्हां येरवड्याच्या तुरुंगांत होते. त्यांनींही डिसेंबरांत सहानुभूतीचा उपवास धरला, आणि सरकारनें या प्रश्नाचा विचार करण्याचें आश्वासन दिल्यावर तो सोडला.

एका झाडूसाठीं एवढा हट्ट कशाला, असें कोणास वाटेल. खरें सांगावयाचें तर आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें. परंतु विटाळाची सारी इमारत कामाच्या वांटणीवरच उभी होती. जें काम कोणीही करूं लागेल, त्याच्या योगें एकाच जातीला अपवित्र कसें ठरवावयाचें?

पुढें गोपुरींत त्यांनीं मैल्यापासून सोनखत करण्याचे व सुधारलेल्या साध्या संडासांचे प्रयोग चालविले. सफाईची किळस घालवावयाची तर ती रीतहि बदलली पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

मात्र येथें एक गोष्ट झांकून ठेवणें योग्य नव्हे. मंडणगडजवळचें आंबडवे हें ज्यांचें मूळ गांव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या बांधवांना असलीं लादलेलीं कामें टाकून देण्यास सांगितलें. अप्पासाहेब तीं स्वतः उचलावयास निघाले. एकाच जिल्ह्याशीं नातें असलेल्या या दोघांच्या वाटा उलट दिसतात खऱ्या. पण ज्याच्यावर ओझें लादलें त्यानें तें फेंकावें आणि ज्यांच्या जातीनें लादलें त्यांनीं तें उचलावें, यांत आम्हांस विरोध दिसत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, ब्राह्मणानें झाडू हातीं धरला म्हणून दुसऱ्याच्या मुलाला शाळेची वा नोकरीची वाट आपोआप मोकळी झाली नाहीं. तिच्यासाठीं निराळा झगडा करावा लागला.

१९७१ सालीं अप्पासाहेबांचें देहावसान झालें. माणसाकडून हातानें मैला उचलवून घेण्यास बंदी करणारा कायदा संसदेनें केला तो त्यानंतर बावीस वर्षांनीं, १९९३ सालीं.