टायफॉईडवर गोळ्या चालेनाशा झाल्या, तेव्हा हाफकिन यांचाच जुना रस्ता कामाला आला

पावसाळा लागला की मीरा-भाईंदर असो नाहीतर मुंबई, तापाचे पेशंट वाढतात. दूषित पाणी, गोळेवाल्याचा बर्फ, उघड्यावर कापून ठेवलेली फळं यातून टायफॉईडचे जंतू पोटात जाऊ शकतात. त्यावर औषध म्हणजे अँटिबायोटिक. पण यातली बरीच अँटिबायोटिक्स आता या जंतूंवर चालत नाहीत.

यावरचा एक उपाय ज्यांच्या कामातून आला, त्यांच्या काळात अँटिबायोटिक नावाची गोष्टच नव्हती. ते म्हणजे वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमुळे नाव सगळ्यांनी ऐकलंय, पण या माणसाची गोष्ट फार कमी लोकांना माहिती आहे.

हाफकिन यांचा जन्म 1860 चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. घराणं ज्यू. ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा ते बचावाला उतरले, जखमी झाले, तुरुंगातही गेले. हुशारी असूनही धर्मामुळे विद्यापीठात पुढे जायचा रस्ता बंद झाला. शेवटी 1889 मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले. काम काय मिळालं, तर लायब्ररीत.

पुस्तकं सांभाळता सांभाळता त्यांनी कॉलऱ्यावरची लस तयार केली. 18 जुलै 1892 ला ती पहिल्यांदा टोचली ती स्वतःलाच. पुढच्या वर्षी ते थेट भारतात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये लोकांनी त्यांच्यावर दगड मारले, पण त्यांनी लस टोचणं थांबवलं नाही. दोन-अडीच वर्षांत 40 हजारांहून जास्त लोकांनी त्यांची लस घेतली.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि हाफकिन इथे पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना जागा मिळाली ती एक खोली आणि व्हरांडा. तीन महिन्यांत लस तयार झाली. 10 जानेवारी 1897 ला पहिली सुई पुन्हा स्वतःच्याच अंगात. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी लस घेतली. 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

आता यात टायफॉईड कुठून आला? तर भारतात येण्याआधी हाफकिन इंग्लंडला गेले होते. तिथे आल्मरॉथ राईट या डॉक्टरांनी त्यांचं काम पाहिलं आणि तीच कल्पना टायफॉईडला लावली. 1896 च्या सुमारास टायफॉईडची लस आली. याच राईट यांच्या हाताखाली पुढे अलेक्झांडर फ्लेमिंग काम करायला लागले, ज्यांनी 1928 मध्ये पेनिसिलिन शोधलं. फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल भाषणातच सावध केलं होतं. औषधाचा डोस कमी पडला, तर जंतू मरायच्या ऐवजी त्या औषधाला सरावतील.

झालंही तसंच. अँटिबायोटिकनं बहुतेक जंतू मरतात, पण एखाद्यात बदल झालेला असतो, तो वाचतो आणि वाढतो. 1948 पासून टायफॉईडवर क्लोरॅम्फेनिकॉल हे हुकमी औषध होतं. 1972 मध्ये केरळात त्याला न जुमानणाऱ्या टायफॉईडची साथ आली. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, त्याचीही धार गेली. 2016 मध्ये पाकिस्तानच्या सिंधमध्ये जवळपास सगळ्या नेहमीच्या औषधांना पुरून उरणारा टायफॉईड पसरला. मुंबईतल्या काही पेशंटमध्येही सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या गटातल्या इंजेक्शनला दाद न देणारे जंतू सापडलेत.

लसीचा फायदा इथेच आहे. माणूस आजारीच पडला नाही, तर अँटिबायोटिक लागतच नाही. आणि औषध वापरलंच गेलं नाही, तर जंतूला त्याची सवय लागायची संधीही कमी होते.

2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेनं हेच केलं. 9 महिने ते 14 वर्षं वयाच्या 1 लाखांहून जास्त मुलांना टायफॉईडची नवी कॉन्ज्युगेट लस मोफत दिली. सरकारी यंत्रणेनं राबवलेली अशी ही जगातली पहिली मोहीम.

हाफकिन यांच्या वाट्याला मात्र कौतुकाआधी बदनामी आली. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एकाच बाटलीतली लस घेतलेल्या 19 जणांचा धनुर्वातानं जीव गेला. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर केलं गेलं. पुढे कळलं, की गावातल्या सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्यानं बाटली उघडली. 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ते भारतात परत आले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही.

1925 मध्ये त्याच प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हाफकिन गेले, पेनिसिलिन दवाखान्यात पोहोचायच्या बरंच आधी.

लस आली म्हणून स्वच्छ पाण्याची गरज संपत नाही आणि डॉक्टरांना न विचारता अँटिबायोटिक घ्यायची मुभाही मिळत नाही. पण उरलीसुरली औषधं जितकी कमी वापरावी लागतील, तितकी ती जास्त दिवस टिकतील.