ओल्या खेळपट्टीवरचा फलंदाज

पाऊस थांबून ऊन पडले की मालाडच्या मैदानावर मुले लगेच क्रिकेट खेळायला जमतात. पण ओल्या जमिनीवर फलंदाजी करणे सोपे नसते. एक चेंडू टप्पा पडल्यावर थांबून येतो, दुसरा एकदम उसळतो, तर तिसरा भलतीकडेच वळतो. घरापासून हजारो मैल दूर, परदेशात, अशाच खेळपट्ट्यांवर एका मुंबईकराने धावांच्या राशी रचल्या. त्यांचे नाव विजय मर्चंट.

विजय मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत एका श्रीमंत गिरणीमालकाच्या घरी झाला. त्यांच्या घराण्याचे आडनाव ठाकरसी. शाळेत त्यांना नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला गेला. वडील व्यापारी आहेत, असे त्यांनी सांगितले आणि तेव्हापासून मर्चंट हेच त्यांचे आडनाव झाले, असे सांगतात.

१९३२ साली भारताचा संघ पहिला कसोटी सामना खेळण्यासाठी इंग्लंडला निघाला. मर्चंट तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. अशी संधी पुन्हा येईल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु महात्मा गांधी त्या वेळी तुरुंगात होते. म्हणून मर्चंट यांनी दौऱ्यावर जाण्यास नकार दिला. पुढे १९३३ च्या डिसेंबरमध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर ते पहिला कसोटी सामना खेळले.

१९३६ साली मर्चंट इंग्लंडला गेले. तेथील खेळपट्ट्या मुंबईच्या खेळपट्ट्यांपेक्षा फार वेगळ्या होत्या. आपल्याकडे हिवाळ्यात खेळपट्टी कोरडी आणि टणक असते. त्यामुळे चेंडू सरळ बॅटवर येतो. इंग्लंडमध्ये मात्र पाऊस केव्हाही येई. त्या काळी सामना सुरू असताना पाऊस आला तर खेळपट्टी बहुधा झाकत नसत. पावसानंतर ऊन पडले की वरची ओली माती चिकट होई. मग फिरकी गोलंदाजाचा चेंडू मातीला धरून झटकन वळे आणि उसळे. घाईने बॅट पुढे ढकलणारा फलंदाज सोपा झेल देऊन तंबूत परते.

अशा वेळी फलंदाजाला आपली सवय बदलावी लागते. एक तर पाय पुढे टाकून चेंडूच्या टप्प्यापर्यंत पोहोचावे, म्हणजे त्याला वळायला जागाच उरत नाही. नाही तर मागच्या पायावर जावे, चेंडू किती वळतो ते शेवटपर्यंत पाहावे आणि मगच खेळावे. बॅट घट्ट आवळून धरू नये, म्हणजे कडेला लागलेला चेंडू दूर उडत नाही. उशिरा खेळण्याच्या या कलेत मर्चंट यांचा हातखंडा होता. चेंडू अगदी जवळ येऊ देऊन हलकेच मारलेला त्यांचा लेट कट फार प्रसिद्ध होता.

त्या दौऱ्यात मँचेस्टरच्या कसोटीत पहिल्या डावात भारत ३६८ धावांनी मागे पडला. पराभव समोर दिसत होता. तेव्हा मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी सलामीला २०३ धावांची भागीदारी केली. मर्चंट यांनी ११४, तर मुश्ताक अलींनी ११२ धावा काढल्या आणि सामना अनिर्णित राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, भारताचा संघ पुन्हा इंग्लंडला गेला. पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान कर्णधार होते आणि मर्चंट उपकर्णधार. त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये फार पाऊस पडला. तरीही मर्चंट यांनी त्या दौऱ्यात सात शतकांसह २,३८५ धावा काढल्या. मँचेस्टरला त्यांनी आणि मुश्ताक अलींनी १२४ धावांची सलामी दिली, पण त्यानंतर सारा संघ १७० धावांत बाद झाला. त्यांपैकी ७८ धावा एकट्या मर्चंट यांच्या होत्या. ओव्हलच्या कसोटीत त्यांनी १२८ धावा केल्या. तेथे एकाही गोलंदाजाला त्यांना बाद करता आले नाही. डेनिस कॉम्प्टन हा फुटबॉलपटूही होता. त्याने चेंडू पायाने मारून यष्टीवर आदळला, तेव्हा कुठे मर्चंट धावबाद झाले.

१९४८ पासून मुंबईत पावसाळ्यात कांगा लीगचे सामने सुरू झाले. ओल्या खेळपट्टीवर खेळण्याचा सराव मुंबईच्या मुलांना घरच्या घरीच मिळू लागला.

आजारपणामुळे मर्चंट यांना पाच वर्षे कसोटी सामना खेळता आला नाही. १९५१ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, दिल्लीला ते पुन्हा मैदानात उतरले आणि त्यांनी १५४ धावा काढल्या. त्याच सामन्यात खांद्याला दुखापत झाली आणि ते निवृत्त झाले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी ७१.६४ च्या सरासरीने धावा केल्या. पुढे अपंगांना काम मिळावे, त्यांना मानाने जगता यावे, यासाठी ते झटत राहिले. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

परक्या देशातील खेळपट्टी आपल्या मनासारखी नसते. मर्चंट यांनी तिला दोष दिला नाही. तिचा स्वभाव ओळखून त्यांनी आपला खेळ बदलला.