पैशाचा खरा मालक शोधणारा खासदार

इंदिरा गांधी यांचे पती एवढीच फिरोज गांधी यांची ओळख आज अनेकांना असते. मात्र ‘मनी लाँडरिंग’ हा शब्द भारतीय कायद्यात येण्याच्या कितीतरी आधी, कंपन्यांच्या साखळीतून सामान्यांची बचत कशी पळवली जाते, हे त्यांनी लोकसभेला ताळेबंदांच्या आधारे उलगडून दाखवले होते.

त्यांचा जन्म १२ सप्टेंबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडिलांच्या निधनानंतर ते अलाहाबादला शल्यचिकित्सक असलेल्या मावशीकडे राहिले. १९३० मध्ये त्यांनी स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली व तुरुंगवास भोगला. १९४२ मध्ये इंदिरा नेहरू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९५२ मध्ये ते रायबरेलीतून लोकसभेवर निवडून आले.

सभागृहात सुरुवातीला ते फारसे बोलत नसत. ६ डिसेंबर १९५५ रोजी विमा दुरुस्ती विधेयकावरील चर्चेत मात्र त्यांनी दालमिया-जैन समूहाच्या व्यवहारांची चिरफाड केली. विमेदारांचा पैसा एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत फिरवून अखेर मालकांच्याच हाती कसा पोहोचतो, हे त्यांनी मांडले. बोलणारा खासदार सत्ताधारी पक्षाचा आणि पंतप्रधानांचा जावई असल्याने या भाषणाचे वजन वेगळे होते.

याच समूहातील भारत इन्शुरन्स कंपनीचे दोन कोटींहून अधिक रुपये गायब झाले होते. पुढे खटल्यात सिद्ध झालेली पद्धत बोलकी आहे. सरकारी रोखे खरेदीच्या नावाखाली विमा कंपनीचा पैसा मुंबईतील बँक खात्यात येई. तेथून धनादेशाने तो भगवती ट्रेडिंग कंपनी या नावापुरत्या पेढीकडे वळे. या पेढीमार्फत मग भारत युनियन एजन्सीज या कंपनीचा सट्ट्यातील तोटा भरून काढला जाई. हिशेबवहीत रोखे दिसत, तिजोरीत ते नसत. रामकृष्ण दालमिया यांना दोषी ठरवणारा निकाल १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला.

१९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने वटहुकूम काढून आयुर्विमा व्यवसाय ताब्यात घेतला. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. दालमिया-जैन कंपन्यांच्या चौकशीसाठीही आयोग नेमण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. एस. आर. तेंडोलकर हे त्याचे पहिले अध्यक्ष होते.

मालकी सरकारकडे गेली म्हणून फिरोज गांधी थांबले नाहीत. जून १९५७ मध्ये महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांच्या शेअरमध्ये सव्वा कोटी रुपये गुंतवले. गुंतवणूक समितीला मात्र विश्वासात घेतले गेले नव्हते. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी हे प्रकरण लोकसभेत मांडले आणि आपल्याच पक्षाचे सरकार अडचणीत आणले. न्या. एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली. गर्दी एवढी होती की ध्वनिक्षेपक लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

संसदेतील कामकाजाचे वृत्त निर्भयपणे छापता यावे, यासाठी त्यांनी मांडलेले खासगी विधेयक १९५६ मध्ये कायदा बनले. आणीबाणीत, १९७५ मध्ये, इंदिरा गांधींच्याच सरकारने हे संरक्षण काढून घेतले. १९७७ मध्ये ते पुन्हा लागू झाले.

८ सप्टेंबर १९६० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने दिल्लीत त्यांचे निधन झाले. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस अवघ्या चार दिवसांवर होता.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा १ जुलै २००५ पासून लागू झाला. खातेदार कंपनीमागची खरी व्यक्ती ओळखणे आणि संशयास्पद व्यवहार सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवणे बँका व विमा कंपन्यांवर बंधनकारक झाले. २०१७ मध्ये दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांची नोंदणी रद्द झाली. नियम आणि अर्ज वाढले आहेत, पण पैसा कोणाचा आणि तो फिरवतो कोण, हा फिरोज गांधींचा प्रश्न प्रत्येक वेळी कोणीतरी विचारावाच लागतो. त्यांनी तो आधी उद्योगपतींना विचारला आणि मग स्वतःच्या सरकारलाही.