विनोबा भावे : काळ आणि शक्ती यांचे विश्वस्त

मराठी गद्याच्या इतिहासात विनोबा भावे यांचे स्थान बहुधा ‘गीताई’ आणि ‘गीता-प्रवचने’ या दोन ग्रंथांपुरते मर्यादित करून पाहिले जाते. या वाङ्मयामागे आयुष्यातील प्रत्येक तासाचा जमाखर्च ठेवणारी एक शिस्त होती. हाती आलेला वेळ व शरीरातील बळ ही आपली मालमत्ता नसून सोपविलेली ठेव आहे, ही भावना त्या शिस्तीच्या मुळाशी होती. सेवकांवर ठेव सोपवून परदेशी गेलेल्या धन्याचा नव्या करारातील दृष्टान्त याच आशयाचा आहे. विनोबांच्या चरित्राचा या अंगाने विचार केल्यास त्यांचे लेखन आणि त्यांचे श्रम यांतील नाते स्पष्ट होते.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे येथे झाला. खाडी आणि मिठागरे यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या पेण तालुक्यातील हे गाव त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात होते; १९८१ मध्ये या जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. बालपण आजोबा शंभुराव यांच्या धर्मनिष्ठ घरात गेले आणि पुढे वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्यास आले. वडील नरहरराव विज्ञाननिष्ठ व काटेकोर, तर आई रुक्मिणीबाई भक्तिपरायण होत्या. आईने देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला आणि ती रोज एकेक दाणा मोजू लागली. तोळाभर तांदूळ मोजून बाकीचे वजनाने घ्यावेत, वेळ वाचेल, असे वडिलांनी सुचविले. आईच्या मनात संदेह उत्पन्न झाला. तेव्हा मोजणी हे केवळ गणित नसून प्रत्येक दाण्याबरोबर होणारे ईश्वरस्मरण आहे, असा निर्वाळा मुलाने दिला. वेळेची बचत आणि वेळेचे सार्थक या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा विवेक पुढे त्यांच्या सर्व प्रयोगांतून दिसतो.

१९१६ च्या मार्चमध्ये इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा सुरतेस उतरून काशीला गेले. त्याच वर्षी ७ जून रोजी कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. १९१७ मध्ये त्यांनी एका वर्षाची रजा घेतली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे अध्ययन, गीतेचे वर्ग, सुमारे ४०० मैलांची पायी भ्रमंती आणि वाचनालयासाठी जात्यावर दळण दळून निधी उभारणे, अशा कामांनी हे वर्ष भरले. या सर्वांचा तपशीलवार हिशेब त्यांनी गांधीजींना पत्राने कळविला आणि वर्ष पुरे होताच ते आश्रमात परतले. आत्मपरीक्षणपर मराठी पत्रलेखनात या पत्राची नोंद अवश्य घ्यावी लागेल.

८ एप्रिल १९२१ रोजी ते वर्ध्यास आले. १९२३ मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र-धर्म’ हे नियतकालिक सुरू केले. १९३० च्या दशकात नालवाडी येथे दिवसाचे आठ-आठ तास सूत कातून मिळेल त्या मजुरीवरच निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी केला. शरीर खंगल्यावर १९३८ मध्ये ते पवनारला गेले. तेथे सर्व चिंता बाजूस ठेवून त्यांनी शेत खणण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी अवघी पाच मिनिटे, आणि पुढे क्रमाक्रमाने अधिक. प्रकृती सुधारली. बळ उधळू नये आणि कोंडूनही ठेवू नये, हे तत्त्व त्यांनी येथे स्वतःच्या देहावर पडताळून पाहिले.

त्यांचे महत्त्वाचे वाङ्मयीन कार्यही याच शिस्तीत घडले. संस्कृत गीता समजत नाही, ही आईची खंत होती. ती १९१८ मध्ये निवर्तली. तिच्या इच्छेचे फळ असलेली ‘गीताई’ ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या अवधीत रचली गेली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. सामान्य बंद्यांपुढे बोलताना विनोबांनी पांडित्य बाजूस ठेवले; म्हणूनच या गद्याला घरगुती दृष्टान्तांची ऊब आणि धीर देण्याचे सामर्थ्य लाभले. सक्तीच्या बंदिवासाचा काळ त्यांनी असा सत्कारणी लावला. पुढे वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेतील चार भाषा अभ्यासल्या.

सर्वधर्म-अध्ययनातून ‘कुराण-सार’, ‘ख्रिस्तधर्म-सार’ ही संकलने सिद्ध झाली. नव्या कराराशी विनोबांचे नाते मात्र केवळ ग्रंथगत नव्हते. रस्किनच्या ज्या पुस्तकाचा सारानुवाद करताना गांधीजींनी ‘सर्वोदय’ हा शब्द योजला, त्याचे नाव मत्तयकृत शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तावरून आलेले आहे. त्यात दिवस मावळताना कामावर आलेल्या मजुरालाही पूर्ण मजुरी मिळते. विनोबांच्या साम्ययोगाशी या दृष्टान्ताचे साधर्म्य उघड आहे.

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन दिली आणि भूदानयज्ञास प्रारंभ झाला. पहाटे निघून पुढच्या मुक्कामी पोहोचायचे, असा विनोबांचा क्रम सुमारे तेरा वर्षे चालला. १९५४ मध्ये लांझा देल व्हास्तो हे ख्रिस्ती साधकही त्यांच्या पदयात्रेत सहभागी झाले होते. ४० लाख एकरांहून अधिक जमिनीचे दान जाहीर झाले. परंतु तिचा मोठा भाग नापीक, वादग्रस्त किंवा अवितरित राहिला. एवढी शक्ती वेचूनही संघटनेची बांधणी अपुरी पडली, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. स्वतःच्या तासांचा चोख हिशेब ठेवणाऱ्या या पुरुषाला चळवळीचा हिशेब तितका चोख ठेवता आला नाही. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवरही कठोर टीका झाली.

१९६६ मध्ये त्यांनी स्थूल कार्यातून निवृत्ती स्वीकारली. १९७० पासून ते पवनार क्षेत्रातच राहिले. अखेरच्या आजारात अन्न व औषध नाकारून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांनी देह ठेवला. भूदानाचे मूल्यमापन इतिहासकार व अर्थशास्त्रज्ञ करीत राहतील. मराठीच्या अभ्यासकाला त्यांच्या गद्याची वाक्यरचना तपासताना एवढे ध्यानी घ्यावे लागते, की तिच्यातील मितव्यय हा केवळ शैलीचा गुण नाही. शब्द, श्वास आणि तास या तिन्हींच्या बाबतीत विनोबांची काटकसर एकच होती.