खापरावर कोरलेले नाव : थेमिस्टोक्लीस

१९३७ साली अथेन्समधील ॲक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावर उत्खनन करणाऱ्या अमेरिकन पुरातत्त्वज्ञांना एका बुजलेल्या विहिरीत खापरांचा साठा सापडला. सुमारे १९० तुकडे, त्यांतले बरेचसे मद्यपात्रांच्या फुटक्या बैठकीचे, आणि त्यांवर एकाच माणसाचे नाव कोरलेले : निओक्लीसचा पुत्र थेमिस्टोक्लीस. अक्षरवळण तपासले तेव्हा हे सारे लेखन अवघ्या चौदा हातांचे असल्याचे दिसून आले. मतदारांना आयती देण्यासाठी ही खापरे आधीच कोरून ठेवली असावीत, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. ज्याच्या विरोधात एवढी सिद्धता झाली, तो अथेन्सला इराणी आक्रमणातून तारणारा पुरुष होता.

थेमिस्टोक्लीसचा जन्म इ.स.पू. ५२४ च्या सुमारास झाला. त्याचे घराणे अथेन्सच्या बड्या सरदारकुळांत मोडणारे नव्हते. त्याची आई अथेन्सबाहेरची होती, असे चरित्रकार प्लूटार्क सांगतो. तरीही इ.स.पू. ४९३ मध्ये तो आर्कन या उच्च पदावर पोहोचला आणि पायरिअस येथील बंदराच्या तटबंदीचे काम त्याने हाती घेतले. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणांगणावर इराणी सैन्याचा पराभव झाला. अनेकांना ते युद्धाचे अखेर वाटले. थेमिस्टोक्लीसला मात्र ती सुरुवात वाटली.

याच काळात अथेन्समध्ये एक विलक्षण कायदा अमलात येऊ लागला. दरवर्षी लोकसभेला विचारले जाई, की यंदा कोणाला हद्दपार करण्यासाठी मतदान घ्यावे काय? होकार मिळाल्यास ठरल्या दिवशी नागरिक आगोरा या चौकात जमत आणि फुटक्या भांड्याच्या तुकड्यावर एक नाव कोरून तो तुकडा टाकत. प्लूटार्कच्या म्हणण्यानुसार एकूण किमान ६००० खापरे पडली, तरच मतदान ग्राह्य ठरे. सर्वाधिक खापरांवर ज्याचे नाव निघे, त्याला दहा दिवसांत नगर सोडून दहा वर्षे बाहेर राहावे लागे. त्याची मालमत्ता आणि नागरिकत्व शाबूत राही. आरोपपत्र नाही, साक्षीपुरावे नाहीत, बचावाचे भाषणही नाही. आपल्याकडे एखाद्याच्या माथी खापर फोडायचे, तर निदान त्याचा काही दोष सांगावा लागतो. अथेन्सच्या खापराला तेवढेही कारण लागत नसे. एखादा माणूस इतका प्रबळ झाला आहे, की तो उद्या हुकूमशहा होईल, एवढी शंका पुरेशी होती. इ.स.पू. ४८७ मध्ये हिपार्कस हा या कायद्याने बाहेर गेलेला पहिला पुढारी.

इ.स.पू. ४८३ च्या सुमारास लॉरिअनच्या खाणीत चांदीचा नवा समृद्ध थर लागला. ती चांदी नागरिकांत वाटून टाकावी, असा विचार पुढे आला. थेमिस्टोक्लीसने तो मोडून काढला आणि त्या पैशातून युद्धनौका बांधण्यास लोकांना राजी केले. त्याच सुमारास, इ.स.पू. ४८२ मध्ये, त्याचा प्रमुख प्रतिस्पर्धी अरिस्टायडीस खापरांच्या मतदानाने हद्दपार झाला. न्यायी म्हणून ख्याती असलेल्या या माणसाची एक कथा प्रसिद्ध आहे. एका निरक्षर नागरिकाने त्याला न ओळखता आपल्या खापरावर अरिस्टायडीसचेच नाव लिहून मागितले. कारण विचारता, त्याला सगळेच न्यायी म्हणतात याचा कंटाळा आल्याचे त्याने सांगितले. अरिस्टायडीसने निमूटपणे आपले नाव लिहून दिले. थेमिस्टोक्लीसचा मार्ग मोकळा झाला. पण आज आपल्या उपयोगी पडलेले हत्यार उद्या आपल्यावरही चालू शकते, याचा इशारा त्या घटनेतच होता.

इ.स.पू. ४८० मध्ये सम्राट झर्क्सीस प्रचंड सैन्यानिशी ग्रीसवर चालून आला. अरिस्टायडीससह हद्दपार पुढाऱ्यांना परत बोलावण्यात आले. अथेन्सवासीयांनी शहर रिकामे केले आणि मागे ते जळाले. सॅलमिसच्या चिंचोळ्या खाडीतच लढावे, हा थेमिस्टोक्लीसचा आग्रह होता. मित्रपक्ष माघारीच्या विचारात असताना त्याने आपला विश्वासू सेवक सिकिनस याच्याकरवी झर्क्सीसला फसवा निरोप धाडला. इराणी नौदल खाडीत शिरले आणि दाटीत अडकून पराभूत झाले. लॉरिअनच्या चांदीची नौकादले त्या दिवशी कामी आली.

विजयानंतर स्पार्टाने त्याचा मोठा सन्मान केला. स्वतःच्या नगरात मात्र त्याचे तेज लोकांच्या डोळ्यांत खुपू लागले. आपल्या घराजवळ त्याने उत्तम सल्ला देणारी आर्टेमिस या नावाने देवीचे मंदिर उभारले. उत्तम सल्लागार आपणच, असे तो सुचवीत असल्याचे लोकांना वाटले. इ.स.पू. ४७१ च्या सुमारास खापरे पडली आणि त्याला अथेन्स सोडावे लागले.

तो आर्गोसमध्ये राहत असताना इराणशी संधान बांधल्याचा आरोप त्याच्यावर आला. हद्दपारीत इभ्रत शाबूत होती. आता देशद्रोहाचा कलंक लागला. कॉर्सिरा, मग मोलोसियनांचा राजा ॲडमिटस याचे घर, असा पळत पळत तो आशियात पोहोचला. ज्याच्या पित्याचे नौदल त्याने बुडवले, त्या अर्टाझर्क्सीसनेच त्याला आश्रय दिला. वर्षभरात तो इराणी भाषा शिकला आणि मॅग्नेशिया नगराचा कारभार त्याच्याकडे आला. इ.स.पू. ४५९ च्या सुमारास तिथेच त्याचे निधन झाले. ते आजारपणाने झाले, असे इतिहासकार थ्युसिडिडीस नोंदवतो. विषप्राशनाची वदंताही त्याने नमूद केली आहे.

देशद्रोह्याला ॲटिकाच्या मातीत पुरण्यास बंदी होती. त्याच्या अस्थी अथेन्सकरांच्या नकळत मायभूमीत आणून पुरल्याचे त्याचे नातलग सांगत. पुढे इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस हायपरबोलस या पुढाऱ्याच्या हद्दपारीनंतर खापरांचे मतदान बंद पडले. लोकांना हुकूमशहापासून वाचवण्यासाठी निघालेली ही प्रथा गटबाजांच्या हातचे खेळणे होऊ शकते, हे त्या विहिरीतल्या चौदा हातांनी दाखवून दिले आहे. ज्या लोकांना त्याने नौका बांधण्यास राजी केले, त्यांनीच त्याला घालवले. त्याच्या नौका केव्हाच कुजून गेल्या. त्याच्या नावाची खापरे मात्र आजही अथेन्सच्या संग्रहालयांत वाचता येतात.