उंबराचे फूल पाहणारे जॉर्ज किंग

क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. कारण उंबराला फूल येतच नाही, अशी समजूत आहे. वास्तविक ज्याला आपण फळ म्हणतो, त्याच्याच पोकळीत शेकडो बारीक फुले दडलेली असतात. वड, पिंपळ, उंबर, अंजीर हे सारे याच वंशातील वृक्ष. त्यांच्या आशियातील जाती या दडलेल्या फुलांवरून वेगळ्या करण्याचे मोठे काम सर जॉर्ज किंग यांनी केले.

किंग यांचा जन्म १८४० साली स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपले व चुलत्यांनी त्यांचा सांभाळ केला. वैद्यकाची पदवी घेऊन १८६५ साली ते भारतातील वैद्यकीय सेवेत दाखल झाले; पण ओढ वनस्पतींचीच होती. १८७१ साली ते कलकत्त्यालगतच्या शिबपूर येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक झाले. १८६४ व १८६७ च्या चक्रीवादळांनी ती बाग उजाड केली होती. किंग यांनी तेथे तळी खोदविली, नवी झाडे लावली आणि वाळविलेल्या नमुन्यांसाठी इमारत उभारली.

या नमुन्यांतच खरी अडचण होती. वडाचे पान रुंद व जाड, फळे बिनदेठाची, जोडीने येणारी आणि पिकल्यावर लाल; पिंपळाच्या पानाला शेपटीसारखे लांब टोक; उंबराच्या फळांचे घोस थेट खोडावर. इतके कोणीही ओळखील. परंतु कोवळ्या झाडाचे पान जुन्या झाडाच्या पानाहून निराळे दिसते. कित्येक नमुन्यांना तर फळच नसे. त्यामुळे एकाच वृक्षाला दोन-तीन नावे पडत.

किंग यांनी पानांबरोबर फळाच्या अंतरंगाचीही साक्ष घेतली. आत त्यांना नरफुले, बी धरणारी मादीफुले आणि बारीक गांधीलमाशी जिच्यात अंडी घालते अशी गाठफुले दिसत. वडाच्या एकाच फळात ही तिन्ही असतात. खरखरीत, समोरासमोर पाने असलेल्या काळ्या उंबराची गोष्ट निराळी : एका झाडाच्या फळांत नरफुले व गाठफुले, तर दुसऱ्या झाडाच्या फळांत केवळ बी धरणारी फुले. बाहेरून ही दोन्ही फळे सारखीच भासतात! या भेदाच्या आधारे किंग यांनी जातींचे गट पाडले. १८८७-८८ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील दोनशेहून अधिक चित्रे बागेतील भारतीय चित्रकारांनी काढली. त्यांची नावे मात्र फारशी कोणाच्या स्मरणात राहिली नाहीत.

१८९० साली किंग भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक झाले. हिवतापावरील क्विनाइनच्या पुड्या टपाल कचेऱ्यांतून एका पैशाला मिळाव्यात, ही योजनाही त्यांचीच. १८९८ साली ते निवृत्त झाले आणि १९०९ साली इटलीतील सान रेमो येथे निधन पावले. त्यांनी पाडलेले गट पुढे कॉर्नर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुष्कळसे बदलले; पण त्यासाठी त्यांनाही फळ चिरून पाहावेच लागले.